घरी गाडीचं डिटेलिंग करून घेताय? आधी पाणी तपासा, मग पॉलिशचं बोला

डिटेलिंगवाला, म्हणजे गाडी बारकाईने साफ आणि पॉलिश करून देणारा, घरी येणार म्हटलं की बहुतेक जण त्याला विचारतात, "चमक किती दिवस टिकेल?" मी विचारते, "गाडीवरून किती काढणार?" समोरचा माणूस या प्रश्नाने गोंधळला, तर फोन तिथेच ठेवावा. पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा थर घासून पातळ करणं. ओरखडा बुजत नाही, त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणला जातो. हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याच हातात मशीन द्यायचं.

माझी नोकरी केमिकल कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये झाली, बराचसा काळ पाण्याचे नमुने तपासण्यात गेला. आता निवृत्त आहे, बडोद्यात मांजलपूरला राहते आणि 2020 ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस 245, म्हणजे जोरात पळणारी परफॉर्मन्स गाडी, चालवते. भारतात या गाड्या फक्त 200 आल्या होत्या. माझी रेस ब्लू रंगाची आहे. सोसायटीत काहींची अजून समजूत आहे की गाडी मुलाची. मुलगा टोरांटोत बर्फ उपसतोय, गाडी माझी आहे.

अशा गाडीला घरीच माणूस बोलवावा असं माझं मत आहे. एक तर ही गाडी कुणा अनोळखी पोराच्या हाती देऊन "जरा स्टुडिओत नेऊन आण" म्हणणं मला जमत नाही. दुसरं, काम आपल्या डोळ्यांसमोर होतं. मात्र घरी काय होऊ शकतं आणि काय नाही, हे आधी समजून घ्यावं. धुणं, लोखंडाचे कण काढणं, क्ले (मातीसारख्या मऊ गोळ्याने रंगात रुतलेली घाण उचलणं), पॉलिश, आतली सफाई हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये उत्तम होतं. पीपीएफ, म्हणजे गाडीवर चढवायची ती पारदर्शक फिल्म, घरी लावून घेऊ नये. बडोद्याच्या हवेत एवढी धूळ असते की फिल्मखाली दोन-चार कण अडकणारच आणि मग ते रोज सकाळी तुमच्याकडे बघत बसणार. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा संरक्षक थर, बंद गॅरेज असेल तरच. उघड्या शेडखाली करून देतो म्हणणारे भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवावं.

पाणी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण गाडी खराब होण्याची निम्मी कहाणी बादलीतच सुरू होते.

बडोद्यात बहुतेक सोसायट्यांना दोन तऱ्हेचं पाणी असतं. एक कॉर्पोरेशनचं, जे मही नदीच्या काठच्या विहिरींतून आणि सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा सरोवरातून येतं. दुसरं बोअरचं. पार्किंगमधला नळ जवळजवळ नेहमी बोअरचा असतो, कारण प्यायचं पाणी गाड्यांवर कोण उडवू देईल? आमच्या पार्किंगच्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, हजाराच्या वर आकडा दाखवतो, स्वयंपाकघरातल्या कॉर्पोरेशनच्या नळाला तीनशेच्या आत.

टीडीएसचा आकडा हजार म्हणजे एका लिटरात एक ग्रॅम विरघळलेले क्षार. गाडी धुऊन झाल्यावर अंगावर पाव लिटर पाणी जरी राहिलं आणि उन्हात वाळलं, तरी पाव ग्रॅम क्षार ठिपक्याठिपक्यांनी रंगावर बसले. गडद रंगावर ते लगेच दिसतात, पांढऱ्यावर दिसत नाहीत पण असतातच. ताजे असतील तर पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. लावायचं, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवायचं. मे महिन्याच्या उन्हात पुन्हापुन्हा भाजले गेले की क्लिअरकोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, खड्डा पडतो आणि मग पॉलिशशिवाय इलाज नाही. म्हणजे परत घासणं आलं.

टीडीएस मीटर पेनाएवढा असतो आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतो. तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, नुसता कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा नाही, पण आपल्या कामापुरता पुरेसा आहे. मीटर नसेल तर काचेच्या ताटलीवर दोन्ही नळांचे दोन-दोन थेंब टाका आणि उन्हात ठेवा. वाळल्यावर जे दिसेल तेच तुमच्या बॉनेटवर दिसणार आहे.

मग करायचं काय? पहिला धूळ काढायचा मारा आणि फोम धुणं बोअरच्या पाण्याने चालतं. शेवटचं पाणी मात्र मऊ हवं. चांगल्या डिटेलरकडे डीआयोनायझरची, म्हणजे पाण्यातले क्षार काढून टाकणारी, नळकांडी असते, तिच्यातून येणाऱ्या पाण्याचा आकडा शून्याजवळ असतो. त्याच्याकडे नसेल तर आदल्या दिवशी घरच्या आरओचं वीसेक लिटर पाणी भरून ठेवावं आणि शेवटी झारीने वरून सोडावं. उन्हाळ्यात एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी साठवलं तरी उत्तम. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी आहे, त्यात क्षार नावालाच असतात. फक्त ते फडक्यातून गाळून घ्यायचं, कारण एसीच्या जाळीतली धूळ त्यात उतरलेली असते.

आणि कृपा करून आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका. पाणी वाचवण्याची भावना चांगली आहे, पण आरओने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. नळापेक्षा ते वाईट असतं. त्याने ओटा धुवा, जिना धुवा.

दिवस, जागा, वीज

बडोद्यात या कामाचा हंगाम देवदिवाळी ते उत्तरायणाच्या आधीचा आठवडा. हवा कोरडी, पत्रा थंड, पोरं सकाळी सातला यायला तयार. दिवाळीच्या आधी करून घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. फटाक्यांची राख आणि जळके कागद झेलायलाच गाडी चकचकीत करून ठेवल्यासारखं आहे ते. उत्तरायणाला तर गाडी झाकून आत ठेवावी. काचेची पूड लावलेला मांजा गाडीच्या छपरावरून कुणी खेचत नेला, तर डिटेलर नाही, पेंटर बोलवावा लागतो.

एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे सुरुवात आणि पूर्ण सावली. बॉनेटवर तळहात सहज ठेवून राहता आला नाही तर काम थांबवायचं. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू, लोखंड काढायचं केमिकल, पॉलिश सगळंच वाळून चिकटतं. पावसाळ्यात आतली सफाई करून घ्या, बाहेरची गणपतीनंतर बघा. झाडाखालची सावली ही सावली नव्हे. कडुनिंबाखाली पॉलिश सुरू असताना वरून काय काय पडतं ते सांगायला नको.

विजेचं बोलणं सेक्रेटरींशी आधीच करून ठेवावं, नाहीतर काम रंगात आलेलं असताना वॉचमन येऊन प्लग काढतो. प्रेशर वॉशर दीड-दोन हजार वॅटचा असतो, व्हॅक्यूम साधारण हजार-बाराशेचा, पॉलिशिंग मशीन सातशे-नऊशेचं. 15 अँपिअरचा सॉकेट हवा आणि जाड तारेचं एक्स्टेंशन. मोबाइल चार्ज करायच्या पट्टीवर वॉशर लावला तर वास येईपर्यंत कुणाला कळत नाही. वॉशर आणि व्हॅक्यूम एकाच वेळी चालवायचे नाहीत. मी कॉमन मीटरवरून वीज घेतल्याचे पैसे सोसायटीला लिहून देते. वर्षातून एखादी पावती फाडली की कमिटीतली तोंडं बंद राहतात.

गाडी खाली बसलेली असेल, पुढे लिप, म्हणजे बंपरखालची पट्टी, असेल, तर रॅम्पवरून ती आपणच आणावी. मी पहिलाच नियम सांगते: गाडी हलवायची असेल तर मला हाक मारा. किल्ली माझ्या खिशात, आणि खिसा गाडीपासून लांब. हँडलला हात लावताच उघडणारी गाडी असेल तर किल्ली जवळ असताना पाण्याच्या माऱ्याने ती उघड-बंद होत राहते. वायपरचा पावसाचा सेन्सरही बंद करून ठेवा.

फोनवरच कळतं

आमच्याकडे येणारा डिटेलिंगचा मुलगा बडोद्याच्या वाडी भागातला मराठी, पण बोलणं अर्धं गुजराती, मला मासी म्हणतो. पहिल्यांदा फोन केला तेव्हा मी विचारलं, "रंगाची जाडी मोजायचं गेज आहे का?" तो म्हणाला, "आहे मासी, पण तुमची गाडी स्टील ना? बंपरवर नाही दाखवणार." मी तिथेच त्याला दिवस दिला. कारण हे उत्तर बरोबर आहे. साधं गेज लोखंडी पत्र्यावर चुंबकाने मोजतं, अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने. प्लास्टिकच्या बंपरवर आणि कार्बन फायबरच्या छतावर त्याला काही कळत नाही, तिथे अल्ट्रासॉनिक लागतं. परफॉर्मन्स गाड्यांमध्ये बॉनेट अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, म्हणून दोन्ही धातूंवर चालणारं गेज आहे का ते विचारायचं.

याआधी एकाला फोन केला होता. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही सगळ्या गाड्यांना थ्री स्टेप पॉलिशच करतो." सगळ्यांना एकच औषध देणारा डॉक्टर मी केला नसता, हाही केला नाही.

आणखी विचारायचं ते असं. मशीन ड्युअल अ‍ॅक्शन आहे की रोटरी? रोटरी वाईट नसते, पण ती एकाच जागी गोल फिरते, तापवते, आणि कच्च्या हातात उन्हात दिसणारे गोलगोल धूसर पट्टे सोडते. ड्युअल अ‍ॅक्शन फिरता फिरता डुलते, तिच्याने नुकसान करायला जास्त कष्ट पडतात. मायक्रोफायबर किती आणणार, आणि चाकांचे वेगळे का? पाण्याची सोय काय? किती जण, किती तास? एका टप्प्याच्या पॉलिशसकट काम पाच-सहा तासांचं, दोन टप्प्यांचं असेल तर पूर्ण दिवस. "दोन तासात सगळं, चालशे" (म्हणजे चालेल) म्हणणाऱ्याचं खरंच दोन तासात चालतं, फक्त आपलं चालत नाही. बिलात प्रत्येक काम वेगळं लिहून मागा. "फुल डिटेलिंग" या एका ओळीत काय काय मावलं आणि काय गळलं ते नंतर भांडून कळत नाही.

धुणं

काम चाकांपासून सुरू व्हावं. जोरात ब्रेक लावायच्या गाड्या या, पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात आणि ती काळी-तपकिरी पूड रिमवर भाजली जाते. चाकाची बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडकी वेगळी. चाकावरचं फडकं चुकून बॉनेटवर आलं तर पुढचा अख्खा दिवस ते ओरखडे काढण्यात जाईल. चाकं गरम असताना हात लावू द्यायचा नाही.

मग फोम, मग दोन बादल्या. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल वरून खाली धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून मगच परत शॅम्पूत. प्रेशर वॉशरचं तोंड रंगापासून किमान हातभर लांब. पुढच्या ग्रिलमागे इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पातळ पट्ट्या असतात, जवळून मारा केला तर त्या वाकतात आणि हवा जायची वाट बंद होते. सायलेन्सरच्या नळ्यांत पाणी नको. बॉनेट उघडून आत पाणी मारायला निघाला तर हात धरा. इंजिनचा भाग ब्रश, फवारा आणि फडक्याने पुसून घ्यायचा, फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि हवा आत घेणारी नळी झाकून.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो, जुनी लॅबवाली ना. आमची सोसायटी मुंबई-अहमदाबाद मेन लाइनपासून लांब नाही. रुळांवर चाकं घासतात, गाड्या ब्रेक लावतात, त्याची बारीक लोखंडी धूळ हवेतून येऊन रंगात रुतते. धुतलेल्या गाडीवरून हात फिरवा, पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून फिरवलात तर आणखी चांगलं. गुळगुळीत वाटणाऱ्या दारावर बारीक खरखर जाणवते, तीच ही धूळ. त्यावर आयर्न रिमूव्हर मारतात. त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस काढायच्या क्रीममध्ये वापरतात त्याच कुळातलं, त्यामुळे वासही तसाच, कुजक्या अंड्याच्या वळणाचा. फवारल्यावर मिनिटभर काही होत नाही. मग निळ्या दारावर टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके उमटतात, ठिपक्यांना शेपट्या फुटतात आणि त्या खाली ओघळायला लागतात. माझ्या गाडीचं रुळांच्या बाजूला तोंड करून उभं राहणारं डावं अंग नेहमी जास्त जांभळं होतं. बाटलीवर लिहिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, वाळू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. दोन्ही हातांत मोजे हवेत आणि जागा मोकळ्या हवेची.

मग उरलेल्यासाठी क्ले. पुरेसं ओलं ठेवून, हलक्या हाताने. क्लेचा गोळा जमिनीवर पडला की तो कचऱ्यात. "धुऊन घेतो मासी" हे ऐकायचं नाही, त्यात खडी रुतलेली असते. क्लेने स्वतःचे बारीक ओरखडे येतात, म्हणून ज्यांना पॉलिश करायचं नाही त्यांनी क्लेचा हट्ट धरू नये.

मशीन लावण्याआधी वही काढा

झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी साधारण शंभर मायक्रॉन. गाडीचा कारखान्यातला सगळा रंग, प्रायमरपासून वरपर्यंत, सहसा शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. त्यात सगळ्यात वरचा क्लिअरकोट पस्तीस ते पन्नास, म्हणजे कागदाच्या निम्मासुद्धा कधी असतो, कधी नसतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवणारी रसायनं याच थरात असतात. हलकं फिनिशिंग पॉलिश एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी खातं, जाड कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, त्याच्या काही पट. दर दिवाळीला कंपाउंड मारून घेणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

माझ्या वहीत गाडीचं चित्र आहे. प्रत्येक पॅनलवर पाच ठिकाणी मोजून आकडे लिहिलेले. बॉनेट, छप्पर, डिकी, चार दारं, चार फेंडर. दर वेळी मशीन लावण्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजतो, डिटेलिंगचा मुलगा आकडा सांगतो, मी लिहिते. एखाद्या दारावर आकडा अचानक दोनशेच्या वर गेला तर ते दार कधीतरी पुन्हा रंगवलं आहे. चारशे-पाचशे दिसलं तर खाली पुटीही असण्याची शक्यता दाट. जुनी परफॉर्मन्स गाडी विकत घेताना याच कामासाठी डिटेलरला सोबत न्यावं, मेकॅनिकच्या आधी. उलट, एखाद्या जागी ऐंशीच्या खाली आकडा दिसला तर त्या जागी कुणीतरी आधीच हौस भागवून घेतली आहे, तिथे मशीन लावू देऊ नका.

मग टेस्ट स्पॉट. बॉनेटवर हातभर चौकोन, मध्ये मास्किंग टेप. टेपच्या एका बाजूला सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश. पुसून टॉर्च मारायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे निघाले तर सगळ्या गाडीला तेवढंच. नाही निघाले तर एक पायरी वर. रंग कठीण की मऊ हे कंपनीच्या नावावरून सांगणारे खूप भेटतील, पण ते त्या हातभर चौकोनातच कळतं.

इथे फसवाफसवीची एक जागा आहे. पॉलिशमध्ये तेल असतं, ते ओरखड्यांत भरतं आणि गाडी तासभर आरशासारखी दिसते. दोन धुण्यांनंतर सगळं जसंच्या तसं. म्हणून टेस्ट स्पॉटवर पाणी घालून पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसायला सांगा आणि मग टॉर्च लावा. पुसल्यावरही तेवढंच दिसत असेल तर काम खरं. पहिल्यांदा मी बाटली पुढे केली तेव्हा आमच्या डिटेलिंगच्या मुलाने हसून स्वतःची बाटली काढून दाखवली. तेव्हापासून त्याच्यासाठी दुपारी शेवउसळ आणि जादा पाव ठरलेले.

दारांच्या कडा, बॉनेटच्या रेघा, बॅजच्या भोवती रंग सगळ्यात पातळ असतो. तिथे आधी टेप. नखात अडकणारा खोल ओरखडा काढायचा हट्ट करू नका. तो क्लिअरकोटच्या पार गेला असेल, त्याच्या मागे लागून आजूबाजूचं पातळ करण्यापेक्षा त्याच्याबरोबर जगणं स्वस्त पडतं.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, 21 गन सल्यूटचं. तिथल्या काही गाड्यांवर जुन्या पद्धतीचा एकाच थराचा रंग असतो. त्यावर पॉलिश केलं की पॅडवर गाडीचाच रंग येतो. तुमच्या आजकालच्या लाल गाडीवर पॉलिश करताना पॅड लाल झाला, तर क्लिअरकोट संपला आहे. काम तिथेच बंद.

गाडी साधी नाही, म्हणून

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश अजिबात नाही, हातानेही नाही. ती एकदा चमकली की चमकतच राहते आणि पुन्हा मॅट करायला रंगवावीच लागते. उघड्या विणीच्या कार्बन फायबरवर वरून क्लिअरकोट असतो, त्यालाही रंगासारखंच जपायचं. स्टिअरिंग किंवा सीटवर अल्कान्टारा, म्हणजे मखमलीसारखं कापड, असेल तर त्याला लेदरचं क्रीम लावू देऊ नका, केस चिकटून टक्कल पडतं. मऊ ब्रश आणि जेमतेम ओलसर फडकं एवढंच.

टायरवरचा चमकदार जेल हा माझा नावडता विषय आहे. लावायचाच तर फक्त बाजूला, पातळ, पुसून. टायरच्या तळव्याला लागला तर दोनशेच्या वर पीएस (अश्वशक्ती) असलेली गाडी पहिल्याच वळणावर आपल्याला काहीतरी सांगते. डिस्कवर जेल, वॅक्स किंवा कुठलाही फवारा जाता कामा नये. पेडल आणि स्टिअरिंगवरही चकचकीत काही नको.

आतलं काम सोपं आहे, तिथे फार लिहीत नाही. आधी व्हॅक्यूम, मग ओलं. स्क्रीनवर काच साफ करायचं औषध थेट फवारायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. एक मात्र बडोदेकरांसाठी: ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या, आणि त्यांतल्या काही आता स्वच्छ होऊन बाजारात फिरत आहेत. तुम्ही त्यानंतर जुनी गाडी घेतली असेल तर आतलं डिटेलिंग सुरू असताना सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज आणि कार्पेटखाली बारीक गाळ आहे का, ते डिटेलरला बघायला सांगा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पाण्याचा डाग आहे का, तेही.

वर काय लावायचं

बंद गॅरेज नसेल तर सीलंट किंवा वॅक्स. ते काही महिन्यांनी परत लावावं लागतं, पण लावताना एखादा धुळीचा कण बसला तर आभाळ कोसळत नाही. कोटिंग करायचंच ठरलं तर सहसा पहिले बारा ते चोवीस तास पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शॅम्पू नको. हिवाळ्यातल्या पहाटे दव पडतं, त्यामुळे गाडी रात्री उघड्यावर ठेवणं म्हणजे केलेलं घालवणं. कोटिंग पुसताना एखादा धब्बा राहून वाळला तर तो पॉलिशनेच निघतो, म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक पॅनल दोन कोनांतून टॉर्चने बघा.

"9एच, दगडसुद्धा काही करू शकत नाही" असं सांगतात. हे 9एच म्हणजे पेन्सिलींच्या कठीणपणाची पट्टी, चित्रकलेच्या पेन्सिलींवर एचबी, 2बी लिहितात तीच. एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकने उडवलेल्या खडीने ती पट्टी पाहिलेली नसते. खडीसाठी पीपीएफ, आणि पीपीएफसाठी स्टुडिओ.

दुसऱ्या दिवशीपासून

गाडी तयार झाली की लगेच झाकून ठेवू नका. धुतलेल्या डिस्कवर तासाभरात केशरी गंज धरतो, तो स्वाभाविक आहे. दहा-पंधरा मिनिटं चालवून, हलके ब्रेक लावून तो घालवायचा आणि मग पार्क करायची.

सगळ्यात नाजूक बोलणं मात्र रोज गाडी पुसणाऱ्या दादांशी करायचं असतं. रोज सकाळी एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या. त्या गोल ओरखड्यांचा सगळ्यात मोठा उगम हाच, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दुसरं काही दिलेलंच नाही. मी त्यांना सांगितलं, "महिन्याचे पैसे तेवढेच घ्या, पण माझ्या गाडीला कोरडं फडकं लावायचं नाही. काचा पुसा, चाकांवर पाणी मारा, पार्किंग झाडा." पहिले आठ दिवस त्यांना वाटलं मावशींचं काहीतरी बिनसलंय. आता ते शेजारच्या गाडीच्या मालकांना सांगतात की आरएसला हात लावायचा नसतो.

कबुतराची विष्ठा दिसली तर घासू नका. उन्हात ती काही तासांत रंग खाते, हे खरं, पण वाळलेली घासली तर तिच्यातले कण ओरखडे पाडतात. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, मग उचलून घ्यायचं. कापडी कव्हर धुळीच्या गाडीवर चढवू नये. आणि डिटेलरचे मायक्रोफायबर पाहून तुम्हीही घेतलेत, तर ते वेगळे धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता. त्याने धागे मेणचट होतात आणि पाणी ओढत नाहीत.

पुढचं पॉलिश कधी, असं डिटेलिंगचा मुलगा जाताना विचारतोच. मी वही दाखवते. धुणं आणि आयर्न रिमूव्हर दर पाच-सहा महिन्यांनी, सीलंट त्याच्याबरोबर. मशीन मात्र टॉर्चखाली ओरखडे खरोखर डोळ्यात भरायला लागल्यावरच, आणि तेही छपराचा आकडा बघून.